एकाच माणसाशी बोल

रस्ता सुरक्षेच्या जाहिरातीची तुझी संहिता वाचली. तीस सेकंदांत हेल्मेट, सीटबेल्ट, मोबाइल, दारू, वेग, झेब्रा क्रॉसिंग, सगळं कोंबलंयस आणि वर विचारतेस, लोक मनावर का घेत नाहीत? अगं, पण तू सांगतेयस कुणाला? एका वेळी एकाच माणसाशी बोल.

सध्या उसाचा गळीत हंगाम आहे. रात्री एसटीनं आष्ट्याहून सांगलीला ये आणि पुढच्या काचेतून बघ. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तरी लोंबत्या वाढ्याखाली, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांखाली, झाकलेला. ६० च्या वेगानं येणारा दुचाकीवाला सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापतो. पुढं ऊस आहे हे कळून ब्रेक दाबेपर्यंतच तेवढं अंतर गेलेलं असतं. इथं झेब्रा क्रॉसिंगचं काय काम?

ट्रॅक्टरवाल्याला एवढंच सांग: 'फडातनं निघायच्या आधी मागं जा, लोंबणारं वाढं काप, रिफ्लेक्टर फडक्यानं पूस.' बास. दुचाकीवाल्यासाठी वेगळं कर. अपघात बघून थांबलेल्या माणसासाठी आणखी वेगळं: जखमीला दवाखान्यात नेलं म्हणून पोलिस त्याच्यावर नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत, मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ त्याच्या पाठीशी आहे. एका वेळी एकच माणूस!

रेडिओ की मोबाइल, यात अडकू नकोस. ट्रॅक्टरच्या डेकला पेनड्राइव्ह असतो. त्यात गाणी भरून देणाऱ्या दुकानदाराला गाठ, दर चार गाण्यांनंतर एकदा तुझा आवाज घालायला लाव. म्हसवडच्या माणदेशी तरंगला जा, जत तालुक्यात जालिहाळच्या येरळावाणीला जा, दोन्ही गावाकडची सामुदायिक रेडिओ केंद्रं. गावातलं धोक्याचं वळण नावानिशी सांगणारी माणसं तिथं भेटतील. आणि मोबाइलसाठी संहितेला जोडलेले ते अपघाताचे, रक्ताचे फोटो काढून टाक. गेलेल्याची आई याच तालुक्यात राहते.

मी रेडिओसाठी लिहायचो तेव्हा वरचे म्हणायचे, 'एवढं बारीक कशाला? सगळ्यांना लागू पडेल असं लिहा.' मी ऐकलं नाही. काम काढून घेतलं गेलं, तरी माझंच बरोबर होतं असं आजही म्हणतो. सगळ्यांसाठी लिहिलेलं कुणीच आपलं मानत नाही. खंत एकच. रस्ता सुरक्षा अभियान जानेवारीत यायचं, तोवर अर्धा हंगाम सरलेला असायचा. दिवाळीपासून वेळ द्या म्हणून भांडलो, मिळाला नाही.

तुला कुणाची परवानगी लागत नाही. रविवारपर्यंत ट्रॅक्टरवाल्याची संहिता पाठव, वीस सेकंदांची. त्यात दुसरा माणूस दिसला तर मी पुढं वाचणार नाही.