दीड लाखात व्हिडिओसाठी कोणती मिररलेस बॉडी घेऊ? लेन्स सध्या किटचीच ठेवली तर चालेल का?

नाही, चालणार नाही.

बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) कोणती, याला दहा जण दहा नावं सांगतील आणि त्यातली आठ चालण्यासारखी असतील. मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. तुम्ही म्हणता, नाशिकमध्ये लग्नाचं शूटिंग सुरू करतोय, दीड लाख हातात आहेत, आत्ता सगळे बॉडीत घालतो, लेन्स पुढच्या सीझनला बघू. जवळजवळ हेच वाक्य माझ्या चुलतभावाने 2021 च्या दिवाळीत आमच्या ओट्यावर बसून म्हटलं होतं. मी तेव्हा वाद घातला, पण शेवटपर्यंत नेला नाही.

दादा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. कॅसेटच्या जमान्यापासून लग्नं करतोय. मी आठवीपासून मे महिन्याच्या सुट्टीत त्याचा हॅलोजन धरायला जायचो. एका हातात दिवा, दुसऱ्या हातात वायरचं भेंडोळं, आणि वऱ्हाडी वायरीत अडकणार नाहीत याकडे सगळं लक्ष. हा धंदा मला त्यानेच शिकवला. त्यामुळे "गिऱ्हाईक बॉडी बघतं रे, पुढची काच कोण बघतो?" असं तो म्हणाला तेव्हा घरातल्या कुणीच पुढे काही बोललं नाही. दोघांचे पैसे एकत्र करून फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची बॉडी घेतली आणि तिच्यासोबत येणारी 28-70 मिमीची किट लेन्स. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण कॅमेऱ्यात खोट नव्हतीच.

हिवाळा छान गेला. साखरपुडे, हळदी, सगळी दिवसाउजेडीची कामं. दादा दर वेळी स्क्रीन माझ्यापुढे धरायचा आणि म्हणायचा, "बघ."

मग मे 2022. आमच्याकडे द्राक्षाचे पैसे हातात आले की लग्नांची रांग लागते. दिंडोरी रोडवरचं एक लॉन्स, गोरज मुहूर्त. मुलीचे वडील दिंडोरी तालुक्यातले बागायतदार, सगळे त्यांना तात्या म्हणत होते. मुहूर्त सातचा, पण नवरदेव डीजेसमोरून हलेना. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा आठ वाजून गेले होते. स्टेजवर जांभळे-गुलाबी एलईडी दिवे लावलेले, चेहऱ्यावर पांढरा उजेड जवळजवळ नाहीच. आमचा हॅलोजन मुलीच्या भावाने आधीच बंद करायला लावला होता, तिच्या डोळ्यांवर येतो म्हणून. त्याचं काही चुकलं नव्हतं. आता तो दिवा कुणीच लावू देत नाही.

दादा मागे जुन्या कॅमेऱ्यावर वाइड धरून होता. मी नवी बॉडी घेऊन नवरदेवाच्या बाजूने, स्टेजपासून वीसेक फुटांवर. माझं काम एकच होतं, अंतरपाट खाली आल्यावर मुलीचा चेहरा टिपायचा. पुढे पाहुणे मोबाईल वर करून उभे, जवळ जायला जागा नाही, म्हणून झूम केलं. 28 वर होतो तोवर ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, एफ 3.5 होता (आकडा वाढला की भोक लहान). 70 ला पोचेपर्यंत तो आपोआप 5.6 वर गेला. रेकॉर्डिंग चालू असताना हे घडताना दिसतं. उजेडाच्या खोलीचं दार कुणी हळूहळू लोटून घ्यावं तसं चित्र काळवंडत जातं. आयएसओ (कॅमेरा उजेड किती वाढवून दाखवतो तो आकडा; तो चढला की चित्रात दाणे येतात) ऑटोवर होता, तो चढत चढत 12800 ला जाऊन बसला. अंतरपाटावर कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि फोकस त्यालाच चिकटला होता. शेवटचं "सावधान" झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या. त्या अंधारात लेन्स पुढे-मागे चाचपडत राहिली. मुलगी वर बघून हसली ती याच वेळात. फोकस सापडला तेव्हा तिने मान खाली घातली होती.

तरीही तीन इंची स्क्रीनवर आम्हाला ते बरं वाटलं. पंधरा दिवसांनी पेनड्राइव्ह घेऊन तात्यांच्या घरी गेलो. हॉलमध्ये 55 इंची नवा टीव्ही, घरातले सगळे जमलेले. हळद बघून सगळे खूश. मंगलाष्टकं लागली आणि तात्या पुढे सरकून बसले. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "काय हो भाऊ, एवढा मोठा कॅमेरा आणला, अन् माझ्या पोरीच्या तोंडावर भुरी पडल्यावानी दिसतंय?"

भुरी म्हणजे द्राक्षाच्या मण्यांवर राखाडी पीठ भुरभुरावं तसा येणारा रोग. ज्या माणसाने ती घालवण्यासाठी वर्षानुवर्षं फवारण्या केल्या, त्याला ती आपल्या मुलीच्या चेहऱ्यावर दिसली. त्यांनी ठरलेले पैसे पूर्ण मोजून दिले, एक रुपया कापला नाही, चहा पाजला, गेटपर्यंत सोडायला आले. दोन वर्षांनी त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. शूटिंगला दुसरा माणूस होता.

परत येताना म्हसरूळपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही. म्हसरूळला दादा म्हणाला, "बॉडीच कमी पडली. वरचं मॉडेल घ्यायला पाहिजे."

तेव्हा मी जो हिशेब मांडायला हवा होता, तो आता तुमच्यापुढे मांडतो. व्हिडिओत शटर, म्हणजे एका फ्रेमला किती वेळ उजेड मिळतो ते, आपल्या हातात नसतं. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे दिव्यांचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. म्हणून सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 सेकंदाचं शटर हे आपल्याकडे धरूनच चालायचं. 1/60 केलं की चित्रात पट्टे सरकायला लागतात. (स्वस्त एलईडी याला जुमानत नाहीत. तिथे शटर थोडं थोडं हलवून पट्टे जातात का ते बघावं लागतं.) फोटोवाला अंधारात फ्लॅश मारतो, नाहीतर शटर हळू करतो. आपल्याला दोन्ही वाटा बंद. मग उरतात ॲपर्चर आणि आयएसओ, आणि ॲपर्चर संपला की सगळा भार आयएसओवर. 5.6 च्या जागी 2.8 असता तर चौपट उजेड आत आला असता आणि तेच चित्र 12800 ऐवजी 3200 ला मिळालं असतं. आमची बॉडी 3200 ला स्वच्छ चित्र द्यायची.

आता दादाच्या फुलफ्रेमचं. तिचा सेन्सर एपीएस-सी या लहान सेन्सरच्या साधारण सव्वादोन पट मोठा, म्हणजे उजेडाचा फायदा एका स्टॉपच्या जरा वर (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). तो मिळवायला आम्ही सगळी गंगाजळी घातली आणि किट लेन्स लावून दोन स्टॉप घालवले. एपीएस-सी बॉडीवर 2.8 लेन्स लावून कुणी त्या रात्री माझ्या शेजारी उभा असता, तर तात्यांच्या मुलीचा चेहरा त्याच्याकडे जास्त स्वच्छ आला असता. वरचं मॉडेल घेऊन हे गणित बदलत नाही.

दादाला मी अडाणी म्हणत नाही. त्याच्या काळात त्याचं म्हणणं बरोबरच होतं. तेव्हा उजेड आपण खांद्यावर वाहून न्यायचो. आणि कॅमकॉर्डरची लेन्स आतच बसवलेली असायची, बहुतेकांची एफ 1.6 किंवा 1.8. लेन्स निवडायचा प्रश्नच नव्हता, बॉडी घेतली की चांगली काच आपोआप मिळायची. आता दिवा गेला आणि लेन्सही वेगळी झाली. नियम बदललाय हे त्याने मानलं नाही आणि मी त्याला नीट सांगितलं नाही. 2023 मध्ये आम्ही कामं वेगळी केली. मागच्या वर्षी त्याच्याच त्या बॉडीला माझी टॅमरॉन 28-75 एफ 2.8 लावून आम्ही दोघांनी रात्रीचं एक लग्न केलं. चित्र बघून तो म्हणाला, "लायटिंगवाल्याने काम चांगलं केलंय." लायटिंगवाला दिंडोरी रोडचाच होता, दिवे तेच होते. दादा, तू हे वाचशील म्हणून लिहितो, त्या रात्री बदलली होती ती फक्त काच.

तर तुमचे दीड लाख. आधी लेन्सचे पैसे बाजूला काढा, मग बॉडी बघा. मी सोनीवर काम करतो म्हणून सोनीचं सांगतो. झेडव्ही-ई10 या एपीएस-सी बॉडीची दुसरी आवृत्ती 2024 मध्ये आली. तीत 10 बिट रेकॉर्डिंग आहे (8 बिटपेक्षा रंगांच्या जास्त छटा), बॅटरीही मोठी आहे. तिच्यावर सिग्मा 18-50 एफ 2.8. ही लेन्स 290 ग्रॅमची आहे, गिंबलवर (कॅमेरा न हलता धरणाऱ्या दांड्यावर) फुलासारखी बसते. हातात धरूनच काढायचं असेल तर टॅमरॉन 17-70 एफ 2.8 घ्या, कारण त्या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरण्याची सोय) नाही आणि या लेन्समध्ये आहे. ती जड आहे, पण लांबचा चेहरा गाठते आणि 70 लाही 2.8 च राहते. पुढच्या सीझनला घ्यायचं ते सिग्मा 56 एफ 1.4, नवरीच्या चेहऱ्यासाठी. त्या बॉडीऐवजी सोनीचीच सेकंडहँड एफएक्स30 नीट तपासून मिळाली तर तीही चालेल. तीत पंखा आहे, स्टॅबिलायझेशन आहे, कार्डाचे दोन स्लॉट आहेत.

झेडव्ही-ई10 च्या या दुसऱ्या आवृत्तीला कार्डाचा स्लॉट एकच आहे, हे मला अजून खुपतं. लग्न पुन्हा लागत नाही. पंगती चालू असताना तिथेच लॅपटॉपवर कॉपी काढायची सवय लावा. 100 एमबीपीएस या रेकॉर्डिंगच्या वेगाला तासाला 45 जीबी जातात, त्या हिशेबाने कार्डं घ्या.

दिवसाच्या हळदीला याच लेन्स उलटा त्रास देतात. 1/50 आणि 2.8 ला उन्हात चित्र पांढरं फटक पडतं. व्हेरिएबल एनडी फिल्टर (लेन्सपुढे लावायची, उजेड कमी करणारी काच) पहिल्याच दिवशी घ्या, आणि तो स्वस्तातला नको. रात्रीच्या स्टेजवर लॉग (रंग नंतर एडिटिंगमध्ये भरायचं फिकट रेकॉर्डिंग) वापरू नका, निदान पहिलं वर्ष. 8 बिट बॉडीवर तर अजिबात नको. जांभळ्या दिव्यात चेहरे फाटतात आणि ते दुरुस्त होत नाहीत. अंतरपाटाची युक्ती एकच. मुलगी उभी राहिली की अंतरपाट धरायच्या आधी तिच्या चेहऱ्यावर फोकस घ्या आणि लॉक करा, अंतरपाट खाली येईपर्यंत हात लावू नका.

मी ज्या जोरात लिहिलंय तो रात्रीच्या लग्नांपुरता आहे. तुम्ही शेतीचे व्हिडिओ करणार असाल, बागेत उभं राहून उन्हात बोलणार असाल, तर किट लेन्स वर्षभर खुशाल वापरा. घरात कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स पडून असतील तर सोनीकडे येऊच नका. अडॅप्टर लावून त्या कॅननच्या आरएफ, म्हणजे मिररलेस बॉडीवर चांगल्या चालतात, आणि सिग्मा 18-50 आता 2024 पासून कॅनन आरएफलाही मिळते. फुजीलाही मिळते. आणि 2027 च्या सिंहस्थासाठी म्हणून कॅमेरा घेत असाल, तर रामकुंडावर पहाटेच्या स्नानाला उजेड त्या लॉन्सइतकाच असतो, हे आताच एकदा पहाटे जाऊन बघून या.

खरेदीला सकाळी जाऊ नका. संध्याकाळी सातनंतर जा. दुकानदाराला सांगून कॅमेरा बाहेरच्या पायरीवर आणा, सोबतच्या माणसाला रस्त्याच्या दिव्यापासून लांब उभं करा. 1/50 लावा, झूम शेवटपर्यंत न्या, दोन मिनिटं रेकॉर्ड करा. कार्ड स्वतःचं न्या. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघून हो म्हणू नका, घरी येऊन टीव्हीला लावा आणि त्या माणसाचे गाल बघा. आवडलं तर दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन जा.