पाच छेद अठराच का?

सोलापूर, ४ मे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी फिजिक्सची उत्तरपत्रिका आईने दाखवली. तिच्यावर चिडू नकोस, मीच मागून घेतली.

रेल्वेचा ताशी ७२ किलोमीटर वेग मीटर प्रति सेकंदात मांडायचा होता. तू १८/५ ने गुणलंस, २५९.२ आलं, खाली दोन रेघा ओढल्यास. या वेगाने निघालेली गाडी सोलापूरहून अर्ध्या तासात मुंबईला पोचेल! सिद्धेश्वर एक्स्प्रेसला अख्खी रात्र लागते. मामाकडे तू त्याच गाडीने जातेस, पण पेपर लिहिताना ती आठवली नाही. पेपरातली गाडी वेगळी, रुळावरची वेगळी, असं कुठेतरी मनात बसलंय.

किलोमीटरचे १००० मीटर, तासाचे ३६०० सेकंद. १००० भागिले ३६०० म्हणजे ५/१८. एवढंच आहे ते. पण तू ते मंत्रासारखं पाठ केलंस, आणि मंत्र उलटा म्हटला गेला तर कळायला काही मार्ग नसतो. यात माझाही वाटा आहे बरं का. 'हे पाठच करा, परीक्षेला येतं,' असं मी वर्गात किती वर्षं सांगितलं!

तू एकटी नाहीस. अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: ११२८ सैनिक, एका बसमध्ये ३६, तर बस किती? सुमारे ७० टक्के मुलांचा भागाकार बरोबर होता. तरी ३२ हे उत्तर दिलं फक्त २३ टक्क्यांनी. २९ टक्क्यांनी लिहिलं, '३१ बाकी १२'. उरलेल्या बारा जणांना बहुतेक टपावर बसवणार होते. गणितशिक्षणाचे अभ्यासक ॲलन शोनफेल्ड यांना आणखी एक समजूत मुलांमध्ये दिसली: गणित येत असेल तर ते पाच मिनिटांत सुटतं. तूही पाचव्या मिनिटाला वही मिटतेस, मी पाहिलंय.

आता माझं एक ऐक. गणितात माझा शब्द प्रमाण मानू नकोस, सिद्धता माग. फिजिक्समध्ये तेवढ्यानेही भागत नाही, उन्हात जाऊन बघावं लागतं. सोलापुरात उन्हाला काय तोटा!

१० मेच्या आसपास आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस आहे. आपला अक्षांश १७.७ अंशाच्या जवळपास, आणि त्या सुमाराला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. गच्चीवर मीटरभर पाइप ओळंब्याने सरळ उभा कर. जाण्याआधी वेळेचा हिशोब मांड: भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, सोलापूर ७५.९ वर, आणि एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे सूर्य डोक्यावर यायला १२ वाजून २६ मिनिटं व्हायला हवीत.

पण सावली त्याआधीच, साधारण १२.२३ ला, पायाशी येईल. घड्याळ मोबाइलशी जुळवून घे, पाइपही पुन्हा तपास. तरी ती तीन-साडेतीन मिनिटं उरतीलच. हिशोब बरोबर आहे, सावलीही खरी आहे. मग ती मिनिटं कुठे गेली? पुस्तक उघडण्याआधी आठवडाभर डोकं खाजव, आणि सुचेल ते, चुकीचं वाटलं तरी, मला लिहून पाठव.

टोपी घालून जा.

तुझे,
आजोबा