न्यू जर्सीत घेतोय त्या घराच्या अंगणात जुनी तेलाची टाकी पुरलेली आहे. 'वाळू भरून बंद केलीय, कागद आहे' असं विक्रेता म्हणतो. घर घ्यावं का?

घर आवडलं असेल तर घ्या, पण टाकी बाहेर निघून तिच्याखालच्या मातीचा लॅब रिपोर्ट हातात येईपर्यंत क्लोजिंग, म्हणजे घर नावावर करून घेण्याचा शेवटचा व्यवहार, करू नका. मी इथे मातीचे नमुने घेण्याचंच काम करते. एडिसनच्या आसपास घर घेणारी आपली माणसं नेमक्या याच कागदावर निर्धास्त होतात, याची मला खरंच काळजी वाटते.

विक्रेत्याकडचा तो टाउनशिपचा, म्हणजे स्थानिक पालिकेचा, कागद एवढंच सांगतो की टाकी रिकामी करून परवानगीने भरली. खालची माती कशी होती, याबद्दल त्यात बहुतेक वेळा काहीच नसतं. गॅस येण्याआधी घरं तेलावर गरम व्हायची, आणि अंगणात ५५० किंवा १,००० गॅलनची पोलादी टाकी असायची. ओलसर मातीमुळे ती बाहेरून गंजते, तळाशी साचलेल्या पाण्यामुळे आतून. भोकं इतकी बारीक पडतात की तेल वर्षानुवर्षं झिरपत राहतं आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही.

राज्याचा १९७६ चा स्पिल कायदा, म्हणजे गळतीबद्दलचा कायदा, चूक कोणाची हे बघत बसत नाही. गळती माहीत असून, किंवा माहीत असायला हवी होती अशा स्थितीत घर घेतलंत, तर सफाईचा खर्च तुमच्याही गळ्यात पडू शकतो. घराच्या विम्यातून तो मिळेल असं धरून चालू नका. म्हणून अ‍ॅटर्नी रिव्ह्यूचे, म्हणजे सही झालेला करार वकिलाकडून तपासून घ्यायचे, कामकाजाचे तीन दिवस आहेत तेवढ्यात वकिलाकडून करारात घालून घ्या: टाकी विक्रेत्याने स्वखर्चाने काढायची, माती तपासायची, आणि दूषित निघाली तर सफाईही त्यानेच करायची.

माती तपासण्याचं वेगळं लिहून घेणं फार महत्त्वाचं आहे. घरगुती टाकी शाबूत निघाली तर नमुने घेण्याची सक्ती नसते, आणि कंत्राटदार त्याच दुपारी खड्डा बुजवून मोकळा होतो. खड्डा उघडा असतानाच तळातून आणि बाजूंनी नमुने घ्यायला सांगा. आमच्याकडे माती काचेच्या बरणीत भरून बर्फात ठेवतात आणि राज्याची मान्यता असलेल्या लॅबकडे पाठवतात. तिथे ईपीएच, म्हणजे मातीतलं पेट्रोलियमचं प्रमाण मोजतात. नुसत्या वासावर विसंबू नका. डिझेलसारखा वास आला तर शंका पक्की समजा, पण वास नाही म्हणजे माती स्वच्छ, असं नाही.

काही जण टाकी तशीच ठेवून बाजूला ड्रिल मारून नमुने घ्यायचं सुचवतील. त्यातून थोडंफार कळतं. बरोबर टाकीच्या पोटाखाली काय आहे ते मात्र दिसत नाही, आणि तेल आधी तिथेच उतरतं.

गळती सापडलीच तर डीईपीच्या, म्हणजे राज्याच्या पर्यावरण खात्याच्या, हॉटलाइनला कळवणं बंधनकारक आहे. तिथून केस नंबर मिळतो. मग दूषित माती उपसून नेतात, पुन्हा नमुने घेतात आणि सगळं ठीक असेल तर डीईपी 'नो फर्दर अ‍ॅक्शन' पत्र देते, म्हणजे आता आणखी काही करायची गरज नाही. तेल भूजलापर्यंत गेलं असेल तर काम महिनोन्महिने लांबतं आणि खर्च टाकी काढण्याच्या कित्येक पट होतो. अशा वेळी क्लोजिंगची तारीख पुढे ढकला. विक्रेता तयार नसेल, तर हे घर सोडा.