पऱ्हाटीच्या चिमट्याची पिन

प्रश्न : दारव्हा तालुक्यात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. पऱ्हाटी म्हणजे कापसाची वाळलेली झाडं उपटायचे चिमटे बनवतो. बाहेरून ३ मिमीच्या दोन पट्ट्या, मधे ८ मिमीचा जबडा आणि तिन्हींतून पिन म्हणून १२ मिमीचा रॉड. भोकं हँड ड्रिलनं, १२ च्याच बिटानं पाडतो. तरी एखाद्या चिमट्यात रॉड शिरत नाही, एखाद्यात खडखड वाजतो. असं का?

उत्तर : भाऊ, आधी रॉडला व्हर्निअर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावा. दुकानदार १२ चा म्हणून देतो तो काळा रॉड असेल तर वर पापुद्रा असतो, माप जागोजागी बदलतं आणि गोलाईही पक्की नसते. अशा रॉडला बसेल असं एकच भोक कोणालाच पाडता येणार नाही. ब्राइट बार, म्हणजे पापुद्रा नसलेला चकचकीत रॉड घ्या. तो १२ पेक्षा केसभर कमीच भरतो, जास्त नाही. पिनेपुरता तुकडा लागतो, खर्च काही फार नाही.

आता बिट. १२ चं बिट १२ चं भोक पाडत नाही, थोडं मोठंच पाडतं. ग्राइंडरवर हातानं धार लावताना टोकाचा एक ओठ (कापणारी कड) लांब अन् एक आखूड झाला की टोक मधोमध राहत नाही आणि भोक आणखी फाकतं. ओळखायचं सोपं आहे : दोन्ही खाचांतून छिलका सारखा निघाला पाहिजे. एकाच बाजूनं निघत असेल तर धार पुन्हा लावा. आमच्याकडची पोट्टी बिट बोथट झालं की जोर वाढवतात, धार लावत नाहीत, हे मी रोज पाहतो.

तुमचा खरा घोळ मात्र ३ मिमीच्या पट्टीत आहे. १२ च्या साध्या बिटाचं निमुळतं टोक साडेतीन मिमीच्या आसपास लांब असतं. म्हणजे बिटाची पूर्ण रुंदी पट्टीत शिरायच्या आतच टोक खालून बाहेर पडतं. मग बिटाला धरून ठेवायला काही उरत नाही, ते नाचतं आणि भोक गोल न होता तीन कोपऱ्यांचं होतं. त्यात रॉड अडतोही आणि वाजतोही. हँड ड्रिल हातात थोडं कललं तर विचारूच नका.

म्हणून दोन्ही पट्ट्या आणि जबडा एकावर एक ठेवा, खाली जाड भंगार पट्टी घाला आणि क्लॅम्पनं सगळं घट्ट आवळा. एकदम भोक पाडलं की तिन्ही एका रेषेत येतात. पंच मारा, आधी ४ चं बिट घाला, मग ११.७ चं. स्टँडवरचं ड्रिल मिळालं तर उत्तम. मिनिटाला ६०० ते ७०० फेरे पुरे.

शेवटचं माप मात्र १२ च्या हँड रीमरनं, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करायच्या हातहत्यारानं काढायचं. टॅपच्या हँडलमध्ये धरा, तेल टाका, सरळ ठेवून सावकाश फिरवा. बाहेर काढतानाही उलटा फिरवायचा नाही, धार मरते. रीमर पुढून निमुळता असतो, तेव्हा तो पूर्ण आरपार जाऊ द्या. चांगल्या रीमरच्या भोकात १२ वर जास्तीत जास्त दोन शतांश मिमीचा फरक राहतो. रीमर नसेल तर ११.५ नंतर चांगल्या धारेचं १२ चं बिट स्टँडवरून घाला. थोडंच कापायचं असल्यानं ते भोक फार फाकवत नाही. हँड ड्रिलवर हा प्रयोग करू नका, बिट अडकून मनगट पिरगाळेल.

मात्र सगळीकडे घट्ट बसवू नका. पट्ट्यांत पिन घट्ट हवी. मधल्या जबड्याला थोडा खेळ हवा. आपली काळी माती अन् धूळ आत गेली आणि पावसाळ्यात गंज चढला की अचूक बसवलेला जबडा पुढच्या हंगामात हलणार नाही. तेव्हा रीमर झाल्यावर जबडा वेगळा काढून त्याचं भोक गोल कानसीनं किंचित मोकळं करा. तिन्ही भोकांच्या कडा मोठ्या बिटानं हातानंच फिरवून साफ करा, नाहीतर पिन बर्रवरच (कडेला उरलेल्या धारदार कोरेवर) अडेल. पिनेला ग्रीस लावा आणि दोन्ही टोकांना स्प्लिट पिन टाका. वेल्ड मारू नका, पिन बदलायची वेळ येतेच.