अमेरिकेत, न्यू जर्सीत, दुरुस्त केलेली सॅल्व्हेज टायटलची टेस्ला निम्म्या किमतीत मिळतेय, पण फास्ट चार्जिंग बंद आहे. कंपनीला असं करता येतं का? गाडी घ्यावी का?

'घेऊ नका' एवढं लिहून थांबलो असतो. पण तुम्ही प्रश्नाखाली 'इन्शुरन्सवाले उगाच चांगल्या गाड्या भंगारात काढतात' हे वाक्य जोडलंत, म्हणून सविस्तर लिहितोय. मी टेक्ससमध्ये, ह्यूस्टनला, गाड्यांचे क्लेम बघतो. भंगारात काढणारा तो माणूस मीच. अशा गाडीच्या मालकीच्या कागदावर, म्हणजे टायटलवर, 'सॅल्व्हेज' असा शिक्का बसतो.

विकणारा तुम्हाला म्हणतोय की फक्त सुपरचार्जर, म्हणजे टेस्लाचा स्वतःचा फास्ट चार्जर, चालत नाही, बाकी कुठेही फास्ट चार्ज होते. विसरा. २०२० च्या सुरुवातीलाच टेस्लाने सॅल्व्हेज गाड्यांचं दुसऱ्या कंपन्यांच्या डीसी, म्हणजे फास्ट, चार्जरवरचं चार्जिंगही बंद केल्याचं उघड झालं होतं. बंदी चार्जरच्या खांबात नसते, गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये असते, त्यामुळे खांब बदलून काही होत नाही. घरी २४० व्होल्टवर रात्रभर लावून ठेवा, काही अडणार नाही. तिथे वीज गाडीतल्या चार्जरमधून जाते, फार तर ११ किलोवॅटच्या आसपास. डीसीला हा चार्जर बाजूलाच राहतो आणि वीज थेट बॅटरी पॅकमध्ये घुसते, टेस्लाच्या बऱ्याच खांबांवर २५० किलोवॅटपर्यंत. दाबला गेलेला सेल, सैल झालेला जोड, कूलंटची, म्हणजे बॅटरी थंड ठेवणाऱ्या द्रवाची, बारीक गळती, हे सगळं ११ ला निभावून जातं. २५० ला निभावेलच असं नाही.

आता आमच्या साडूंचं ऐका. ते डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतात. गाडी कोणत्या कंपनीची होती ते मुद्दाम लिहीत नाही, विकणाऱ्याचं नावही नाही. बयाणा देऊन झाल्यावर त्यांचा मला फोन, "जरा बघून सांगता का?" आपल्याकडे सल्ला बयाण्यानंतरच मागायची पद्धत आहे. मी व्हिन, म्हणजे प्रत्येक गाडीचा वेगळा असलेला ओळख नंबर, टाकून शोधलं तर लिलावाचे फोटो अजून नेटवर होते. उजव्या बाजूचा रॉकर, म्हणजे दारांखालचा आडवा भाग, आत गेलेला. त्या बाजूच्या एअरबॅग उघडलेल्या. इलेक्ट्रिक गाडीत दोन्ही रॉकरच्या मधल्या जागेत पॅक बसवलेला असतो. मी म्हटलं, "साडूभाऊ, बयाणा सोडा." तर म्हणाले, "तुमच्या धंद्यात तुम्हाला सगळं मेलेलंच दिसतं." आणि घेतली.

काही महिने गाडी झकास चालली, कारण ऑफिस जवळ आणि चार्जिंग घरच्या गॅरेजमध्ये. फास्ट चार्जरची वेळच आली नाही. विकणाऱ्याने सांगितलं होतं, पुढचा अपडेट आला की ते चालू होईल. गणपतीला सगळे आमच्याकडे निघाले. मॅडिसनव्हिलला, म्हणजे ह्यूस्टनपासून दीडेक तासावर, चार्जरला लावली तर स्क्रीनवर फास्ट चार्जिंग उपलब्ध नाही. शेजारच्या खांबाला लावली, तेच. पोरं मागच्या सीटवर कावलेली, मेहुणीच्या मांडीवर मोदकांचा डबा, बाहेर टेक्ससचं ऊन. शेवटी साडूंनी एक आरव्ही पार्क शोधला. तिथे मोठ्या कॅराव्हॅनसाठी ५० अँपियरचे पॉइंट असतात, त्यावर तासन्‌तास लावली की गाडी भरते. मी जाऊन मेहुणीला आणि पोरांना घेऊन आलो. साडू गाडीपाशी खुर्ची टाकून बसले. इकडे आरती त्यांच्याशिवाय झाली.

रात्री जेवताना जे भांडण झालं ते आमच्या घरात अजून मिटलेलं नाही. त्यांचं म्हणणं: "पूर्ण पैसे मोजून गाडी घेतली. टेक्ससने रस्त्यावर आणायला कागद दिला. इलेक्ट्रिक आहे म्हणून रजिस्ट्रेशनला वर्षाला दोनशे डॉलर जादा भरतोय. मग माझ्या गाडीत वीज किती जोरात भरायची हे ठरवणारी कंपनी कोण?"

ऐकायला बिनतोड वाटतं. पण टेक्ससचा तो कागद काय आहे ते मला रोज दिसतं. गाडी दुरुस्त करणारा एक फॉर्म भरून देतो की मी हे हे पार्ट बदलले, आणि टायटलवर 'रिबिल्ट सॅल्व्हेज' असा शिक्का बसतो. बॅटरीचं झाकण कोणी उघडून बघत नाही. तुमच्या न्यू जर्सीत गाडी तपासणीला न्यावी लागते, पण सॅल्व्हेज गाड्यांच्या अशा तपासण्या मुळात चोरीचे पार्ट पकडायला सुरू झाल्या. देशभरच्या टायटलची नोंद ठेवणारी यंत्रणासुद्धा १९९२ च्या गाडीचोरीविरोधी कायद्यातून आली. सरकारने पास केली म्हणजे पॅक सुरक्षित, असं समजणाऱ्याने ते कागद नीट वाचलेले नाहीत.

बाजूने धडकलेल्या गाडीचं काय होऊ शकतं याचं माझं आवडतं उदाहरण २०११ चं आहे. सरकारी सुरक्षा चाचणीत शेव्हरोले व्होल्ट ही चार्ज करायची गाडी बाजूने खांबावर आदळवली. चाचणी झाली, गाडी विस्कॉन्सिनमध्ये आवारात उभी करून ठेवली, आणि साधारण तीन आठवड्यांनी ती आपोआप पेटली. कूलंट गळून आतल्या सर्किटवर गेलं होतं. चालवणारा कोणी नाही, चार्जिंग नाही. हे मी साडूंना जेवणाच्या ताटावर सांगितलं तर बायकोने मला डोळ्यांनीच गप्प केलं.

आता तुमचा कायद्याचा प्रश्न. वॉरंटीत बहुतेक कंपन्या आधीच लिहून ठेवतात की गाडी टोटल लॉस झाली, म्हणजे इन्शुरन्सने भंगारात काढली, की वॉरंटी संपली, त्या बाजूने फार काही हाती लागत नाही. मॅसॅच्युसेट्सने २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, २०२० मध्ये मतदारांनी सुमारे ७५ टक्के मतांनी तो वाढवला, पण तो माहिती आणि पार्टबद्दल आहे. बंद केलेलं फास्ट चार्जिंग परत द्या असं तो म्हणत नाही. धडधाकट गाड्यांची गोष्ट वेगळी. टेस्लाने २०१९ च्या अपडेटमध्ये काही जुन्या मॉडेल एसच्या बॅटरीचं व्होल्टेज कमी केलं तेव्हा मालक कोर्टात गेले आणि २०२१ मध्ये १५ लाख डॉलरला तडजोड झाली, माणशी ६२५ डॉलर. म्हणजे सॉफ्टवेअरने गाडीचं काहीही काढून घेता येतं असं नाही. पण ते मालक टोटल लॉस झालेली गाडी लिलावातून उचलून आलेले नव्हते.

कंपनी घाबरते ती उत्पादनाच्या जबाबदारीला. इथे सदोष मालामुळे इजा झाली तर कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करावाच लागतो असं नाही, दोष सिद्ध झाला की पुरतं. कंपनीचा एक मोठा बचाव: विकल्यानंतर मालात मोठा बदल झाला. पण गाडी जळून कोळसा झाल्यावर कोणत्या गॅरेजने कोणता जोड कसा बसवला हे दाखवायचं कुठून? वकील तर दावा सगळ्यांवरच लावतात, आणि ज्याच्याकडे पैसा तो आधी. जनरल मोटर्सच्या बोल्ट या इलेक्ट्रिक गाडीच्या काही बॅटरी कारखान्यातल्याच दोषामुळे पेटल्या, तेव्हा २०२१ मध्ये सगळ्या बोल्ट परत बोलवाव्या लागल्या आणि बॅटरी बनवणाऱ्या एलजीने १.९ अब्ज डॉलरपर्यंत भरपाई मान्य केली. हा आकडा पाहिलेली कंपनी अनोळखी गॅरेजने जोडलेल्या पॅकवर सही कशाला करेल? तिने गाडी तपासून 'ठीक आहे' म्हटलं की ती तपासणी तिच्या गळ्यात. न तपासता बंद ठेवलं तर फुकटात सुटका.

इथे मात्र माझं कंपन्यांशी अजिबात पटत नाही. टोटल लॉस हा पैशाचा हिशोब आहे, बॅटरीचा नाही. टेक्ससमध्ये दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या वर गेला की गाडी सॅल्व्हेज, न्यूयॉर्कमध्ये ७५ टक्क्यांना, फ्लोरिडात ८० ला. तीच गाडी, तोच मार, राज्य बदललं की शिक्का बदलला. वरून मार बसून छप्पर, बॉनेट, काचा फुटलेली गाडी मी टोटल करतो, तिचा पॅक कोरा करकरीत असतो आणि तिचं फास्ट चार्जिंग जातं. उलट पॅकच्या तळाला दगड घासलेली गाडी मालकाने क्लेम न करता पत्रा ठोकून घेतली, तर टायटल स्वच्छ आणि ती बिनधास्त २५० किलोवॅट ओढते. सुरक्षेसाठी बंदी म्हणायचं आणि कसोटी लावायची इन्शुरन्सच्या हिशोबाची, हे ढोंग आहे. हजार-दोन हजार डॉलर घ्या, पॅकचं इन्सुलेशन, कूलंटचा दाब, सेलचा समतोल तपासा, पास झाली तर चालू करा. साडूंना मी हे अजून बोललेलो नाही, बोललो तर फ्रिस्कोपर्यंत दवंडी पिटली जाईल.

तर तुमच्यासाठी: व्हिनवरून लिलावाचे फोटो शोधा. पाण्यात बुडालेली किंवा रॉकर दाबलेली असेल तर फुकट दिली तरी नको. खाऱ्या पाण्याची तर अजिबात नको, २०२२ च्या इयन वादळानंतर फ्लोरिडात अशा गाड्या नंतर पेटल्या. फक्त वरून मार बसलेली असेल, रोजचं अंतर कमी असेल, घरी स्वतःचं गॅरेज आणि दुसरी एखादी पेट्रोलची गाडी असेल, तर निम्म्या किमतीत वाईट सौदा नाही. सॉफ्टवेअर फोडून फास्ट चार्जिंग चालू करून देणारे भेटतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आग लागली तर 'मालात मोठा बदल' हा कंपनीचा बचाव तुम्हीच लिहून दिलेला असेल. आणि मी वकील नाही, न्यू जर्सीचे क्लेमही बघत नाही, तेव्हा सही करण्याआधी तुमच्या इन्शुरन्स एजंटला विचारा की रिबिल्ट टायटलवर पूर्ण कव्हर देणार का. बरेच जण फक्त समोरच्याच्या नुकसानीचं देतात. साडूंनाही तेवढंच मिळालंय.