राष्ट्रपतींना आपण थेट का निवडत नाही?

प्रश्न : आमच्या गावात सरपंच थेट जनतेतून निवडला जातो. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मात्र आम्हाला मत नाही. याला लोकशाही म्हणायचं का? आणि तिथं आमच्या मराठवाड्याचं वजन किती? — एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : आमच्या मते ही लोकशाहीच आहे. सरपंच एका पॅनलचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या पॅनलचं असलं की ठराव कसे अडतात, हे तुमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. घटना समितीत के. टी. शहांनी राष्ट्रपतींच्या थेट निवडणुकीची मागणी केली, तेव्हा नेहरूंची हरकत याच जातीची होती. साऱ्या देशानं निवडून दिलेल्या माणसाला खरी सत्ता न देणं विसंगत ठरेल, आणि दिली तर मंत्रिमंडळाशी त्याची टक्कर होईल. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात. तो सल्ला ते एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. पुन्हा आला की मानावाच लागतो.

आता वजन. राष्ट्रपतींना निवडतात ते निवडून आलेले आमदार आणि खासदार, आणि त्यांच्या मतांना मूल्य असतं. आमदाराचं मूल्य ठरतं राज्याच्या लोकसंख्येवरून. १९७१ ची राज्याची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. तिला २८८ आमदारांनी आणि मग १००० नं भागलं की एका आमदाराच्या मताचं मूल्य येतं १७५. मराठवाड्याचे ४६ आमदार म्हणजे ८,०५०. २०२२ मध्ये खासदाराच्या मताचं मूल्य ७०० होतं. लोकसभेच्या आठ जागांचे ५,६००. बेरीज १३,६५०, एकूण १०,८६,४३१ पैकी. म्हणजे सव्वा टक्का. विधान परिषदेच्या आमदारांना आणि नियुक्त सदस्यांना या निवडणुकीत मत नसतं.

खरी खोट आहे ती १९७१ च्या आकड्यात. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांचं वजन घटू नये म्हणून तो गोठवला, आणि हेतू रास्तच होता. पण २०११ च्या जनगणनेत तामिळनाडू ७.२१ कोटी आणि राजस्थान ६.८५ कोटी, म्हणजे जवळपास बरोबरीत; सगळ्या आमदारांचं मिळून मतमूल्य मात्र ४१,१८४ विरुद्ध २५,८००. इतकी तफावत समर्थनीय नाही. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत ती कायम राहील.

आमदारानं कुणाला मत दिलं हे मतदाराला कळत नाही, अशीही तक्रार असते. ती खरी आहे, तरी गुप्तता काढू नये. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला मतपत्रिका दाखवावी लागते ती पक्षाच्या प्रतिनिधीला. गावच्या मतदाराला तिथंही काही दिसत नाही. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत व्हिप (पक्षाचा आदेश) लागू होत नाही, एवढं स्वातंत्र्य तरी आमदाराकडे राहू द्यावं.

प्रश्न : आमदार-खासदारांचीही मतं बाद कशी होतात? — एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : २०२२ च्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीत ५३ बाद झाली, त्यात १५ खासदारांची. इथं शिक्का किंवा बरोबरची खूण चालत नाही. उमेदवाराच्या नावासमोर पसंतीक्रम आकड्यात लिहायचा असतो. मराठी १ चालतो, ‘एक’ असं अक्षरी लिहिलं की मत बाद. पहिली पसंती लिहिलीच नाही, दोन नावांपुढे १ लिहिला, किंवा मतदान केंद्रावर मिळालेलं जांभळ्या शाईचं पेन सोडून खिशातलं वापरलं, तरी तेच. पुढच्या पसंती ऐच्छिक असतात, पण त्या लिहिलेल्या बऱ्या. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मूल्याची मतं पडली होती आणि कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारा आकडा, होता ४,१८,१७० च्या आसपास. दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर ते ४,२०,०७७ वर पोहोचले आणि निवडून आले.