कॉफी पिण्याचा पगार कोण देतं?

पत्र : मी वसमत तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. मुलगी परभणीला अन्नतंत्रज्ञान महाविद्यालयात बी.टेक.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ट्रेनिंगसाठी ती चिकमगळूरकडे गेली आणि परत आल्यापासून तिला कॉफीशिवाय काही सुचत नाही. ‘स्पेशालिटी कॉफीतच काम करणार, आणि आपल्या पाच एकरांतल्या एका एकरात आंब्याच्या सावलीत कॉफी लावणार’ म्हणते. तिचे बाबा म्हणतात, पुण्याला जाऊन एमपीएससी कर, कॉफी पिण्याचा पगार कोण देतं? बापलेकीचं बोलणं बंद आहे. मी काय करावं?

ताई,

एका एकराचं आधी मिटवू, म्हणजे पुढचं बोलता येईल. कॉफी लावू नका. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिकाला १००० ते १५०० मीटर उंची लागते, १६०० मिलिमीटरच्या वर पाऊस लागतो आणि किंचित आम्लधर्मी माती लागते. रोबस्टा जरा सोशिक, पण तिलाही हवेत ओल हवी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलोऱ्यासाठी एक नेमका पाऊस हवा. तुमचं गाव चार-साडेचारशे मीटरवर, जमीन चुनखडीची, पाऊस चार महिन्यांत आटोपणारा आणि मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे. सिद्धेश्वरच्या कालव्याचं पाणी मिळेल हो, पण हवा कुठून आणाल? मी स्वतः हौसेनं चिखलदऱ्याहून दोन रोपं आणली होती. महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की तेच नाव निघतं. परभणीत आमच्या गच्चीवर, हिरव्या जाळीखाली, दिवाळीपर्यंत ती तजेलदार होती. एप्रिलात पानं पिवळी पडली, कडा जळाल्या. आता त्या कुंड्यांत कोरफड आहे.

जमिनीचं झालं. आता तुमच्या यजमानांचा प्रश्न. त्यांनी तो टोमणा म्हणून विचारला असेल, पण मला तो आवडला.

हळदीच्या बीटाला, म्हणजे लिलावाला, ते दरवर्षी जातात ना? तिथं व्यापारी पोत्यात हात घालतो, एक हळकुंड उचलतो, मोडतो. आवाज ऐकतो, आतला रंग बघतो, आणि दहा सेकंदांत वर्षभराच्या मेहनतीचा भाव बोलतो. त्या दहा सेकंदांची किंमत यजमानांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कॉफीत हेच काम टेबल मांडून, मापं लावून होतं. त्याला कपिंग म्हणतात. १५० मिलिलिटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम भरड कॉफी, पाणी ९३ अंशांच्या आसपास, चार मिनिटांनी वर आलेली साय चमच्यानं मोडायची, नाक खाली न्यायचं आणि मग फुर्रकन ओढून चव घ्यायची. (तुमच्या घरी बशीतला चहा कुणी असा ओढला तर तुम्ही डोळे वटाराल. इथं तीच रीत आहे.) वास, आंबटपणा, गोडवा, घोटानंतर जिभेवर काय रेंगाळतं, याला १०० पैकी गुण देतात. ८० आणि वर गेली तर ती स्पेशालिटी. त्याआधी कच्च्या बियांचा ३५० ग्रॅम नमुना निवडून पाहतात. त्यात काळी, आंबलेली, बुरशी लागलेली बी सापडली की चवीपर्यंत जायचं कारणच उरत नाही.

हे गुण कशाला? तर साध्या कॉफीचा भाव न्यूयॉर्क आणि लंडनच्या बाजारात ठरतो. चिकमगळूरच्या शेतकऱ्याच्या हातात त्यातलं काही नसतं. ८४ गुणांच्या लॉटचा भाव मात्र घेणारा आणि देणारा बसून ठरवतात. म्हणून गुण देणाऱ्याच्या जिभेला पगार आहे.

इथं एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती यजमानांना लगेच कळेल. आपल्याकडे कापूस एकाधिकार होता, आठवतंय? कॉफीतही तसंच होतं. शेतकऱ्यानं माल केंद्र सरकारच्या कॉफी मंडळाच्या सामायिक साठ्यात (‘पूल’मध्ये) टाकायचा, सगळ्यांची कॉफी एकत्र, पैसे हप्त्याहप्त्यानं. कुणाच्या मळ्याची चव कुठली, हे पोत्यात शिरल्यावर कळायची सोयच नव्हती. १९९६ पर्यंत हे पूर्ण सुटलं. त्यानंतरच आपला लॉट वेगळा ठेवून आपल्या नावानं विकणं शक्य झालं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ब्लू टोकाईसारख्या कंपन्या पाकिटावर मळ्याचं नाव छापू शकतात, त्याचं मूळ इथं आहे.

पण मोठ्या इस्टेटींचं सोडा. भारतातले ९८ टक्क्यांहून जास्त कॉफी उत्पादक दहा हेक्टरच्या आतले आहेत. त्यांतले कितीतरी जण फळ झाडावरून ओरबाडून, अंगणात वाळवून, दारात आलेल्या व्यापाऱ्याला देऊन मोकळे होतात. त्यांना आळशी म्हणू नका. स्पेशालिटीसाठी फक्त लालबुंद पिकलेलं फळ तोडायचं, म्हणजे एकाच झाडाकडे तीन-चार वेळा जायचं, आणि प्रत्येक फेरीची मजुरी वेगळी. तोडलेलं फळ त्याच दिवशी पल्परवर, म्हणजे साल काढायच्या यंत्रावर, जायला हवं, नाहीतर ते ढिगातच आंबायला लागतं. मग उंच जाळ्यांवर पातळ पसरून, हलवत राहून, ओल १०-११ टक्क्यांवर आणायची. तीन एकरवाल्याकडे ना पल्पर, ना स्वच्छ पाणी, ना वाळवायला जागा. एवढं करून व्यापाऱ्यानं भाव सगळ्यांना एकच दिला, तर पुढच्या वर्षी तो कशाला फेऱ्या मारेल?

यातून वाट निघते ती एकत्र येऊन. आंध्रातल्या अराकूच्या खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांनी तसं केलं. फळ त्यांचं, पण प्रक्रिया एका जागी आणि नियमानं, नमुन्यांची चव घेऊन. २०१७ मध्ये त्या कॉफीचं दुकान पॅरिसमध्ये उघडलं, २०१९ मध्ये अराकू अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळालं. अशा कामात एक माणूस लागतोच : जो चव घेऊन शेतकऱ्याला सांगू शकेल की परवाचा लॉट ७८ वर का अडकला, फळ कच्चं होतं की आंबवायच्या टाकीत जास्त वेळ राहिलं. मला वाटतं, तुमच्या लेकीची जागा ही आहे. कॅफेत कॉफी करून देणं हे वेगळं काम, त्यात वाईट काही नाही, पण त्यासाठी बी.टेक. लागत नाही.

बेंगळुरूच्या कॉफी मंडळाचा कॉफी गुणवत्ता व्यवस्थापनाचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. अन्नतंत्रज्ञानाची पदवी त्याला चालते. थोडा काळ चिकमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरला, उरलेला बेंगळुरूत. बाळेहोन्नूरचं संशोधन केंद्र १९२५ पासूनचं आहे. जागा मोजक्या असतात आणि निवडीत नाक-जिभेचीही परीक्षा होते. तिथून पुढे निर्यातदार, रोस्टर (कॉफी भाजणारे), क्युरिंग वर्क्स (वाळलेल्या कॉफीचं टरफल काढून ती निवडणारे कारखाने), प्रयोगशाळा. नुसती चुणूक बघायची असेल तर मंडळाचा ‘कापी शास्त्र’ हा छोटा वर्गही आहे. मी आधी तोच करायला सांगेन. ट्रेनिंगमधल्या धुक्याची भूल वेगळी आणि दिवसाला चाळीस कप चाखून थुंकणं वेगळं. अत्तर, पावडर बंद. कपिंगच्या दिवशी ठेचाही बंद, हे तिला आत्ताच सांगा. कामापुरती कन्नड यायलाच हवी, कारण मळ्यावरचा शेतकरी तिच्याशी इंग्रजीत बोलणार नाही. सुरुवातीचा पगार बघून यजमान नाक मुरडतील, याचीही तयारी ठेवा.

मुलीच्या जातीला हे जमेल का, असं तुमच्याकडे कुणी ना कुणी म्हणेलच. त्यांना सुनालिनी मेनन यांचं नाव सांगा. आशियातल्या पहिल्या महिला कॉफी चवपारखी म्हणून त्या ओळखल्या जातात. कॉफी मंडळात वीसहून जास्त वर्षं काढून त्यांनी बेंगळुरूत स्वतःची प्रयोगशाळा उभी केली.

एमपीएससीला माझा विरोध नाही. अन्न सुरक्षा अधिकारी पदाला तिची पदवी चालते, ती जाहिरात आली तर फॉर्म भरू द्या. पण पुण्यातल्या कॉट बेसिसवरची तीन वर्षं फुकट असतात, असं यजमानांनी धरू नये. त्या खर्चात डिप्लोम्याचा बराच भाग निघेल.

राहता राहिला तो एक एकर. तिथं यंदाही हळदच राहू द्या, फक्त ती हळद लेकीच्या ताब्यात द्या. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये मानांकन मिळालंय, पण बीटात तुमचं पोतं इतरांच्या पोत्यांसारखंच पडतं. तिनं त्या एकराचा माल वेगळा शिजवावा, काढणीची आणि शिजवण्याची तारीख लिहावी, जमिनीवर न टाकता ताडपत्रीवर वाळवावा, ओल मोजावी आणि कुरकुमीन, म्हणजे हळदीला पिवळेपणा देणारा घटक, किती आहे ते प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं. कॉफीत ती जे शिकायला निघाली आहे, ते सगळं इथं कमी खर्चात करून बघता येतं. भाव जास्त मिळेलच असं नाही. तो लॉट घेणारा वेगळा गिऱ्हाईक शोधावा लागेल, आणि तो शोधणं हाही तिच्या अभ्यासाचाच भाग.

आणि पुढच्या बीटाला यजमान जातील तेव्हा तिला मागच्या सीटवर बसवून पाठवा. व्यापारी हळकुंड मोडेल तेव्हा दोघांनी शेजारी उभं राहावं. तो भाव का बोलला, हे बापानं लेकीला सांगावं. त्यासाठी आधी बोलायला सुरुवात करावी लागेल, तेवढं तुम्ही बघा.